नळी कोणी जोडली?

लग्नाकार्यात माझी ओळख करून देताना आमच्या सोयऱ्यांची फार पंचाईत होते. "हे आमचे बबनराव, यांचं क्लिनिंगचं आहे," असं म्हणून ते घाईघाईनं विषय बदलतात. समोरच्याला वाटतं, ड्रायक्लीनर असेल. एकानं तर जेवणाच्या पंगतीतच मला कोटावरचा डाग दाखवला होता. मी कार्पेट धुतो. नगर शहरात आणि जिल्ह्यात. मंगल कार्यालयांची, हॉटेलांची, शाळांची, हौशी लोकांच्या दिवाणखान्यांची. आता साठी ओलांडली, गुडघे कुरकुरतात, म्हणून कामं निम्म्यावर आणली आहेत. पण कोणाच्या घरी गेलो की अजूनही आधी खाली बघतो आणि मग यजमानांकडे. त्यावरून बायकोची बोलणी खातो.

"धुता म्हणजे काय करता हो, झोडपता?" हा प्रश्न मला निदान शंभर वेळा विचारला गेला असेल. मंडपवाल्याकडे नोकरीला होतो तेव्हा झोडपतच होतो. दोन बांबूंवर जाजम टाकायचं आणि नाकाला फडकं बांधून हाणायचं. पुढे स्वतःचं गरम पाण्याचं मशीन घेतलं. मशीन म्हणजे काय, तर पाण्याची टाकी, ते तापवायचा हीटर, ढकलायचा पंप आणि परत ओढून घ्यायची मोटर. त्यातून दोन नळ्या निघतात. बारीक नळीतून शाम्पू मिसळलेलं कढत पाणी दाबानं जातं आणि जाड नळीतून मळकं पाणी माघारी येतं. दोन्ही नळ्या एका लांब दांडीला मिळतात. ती दांडी धरून माणूस मागे मागे सरकतो आणि एकेक पट्टा धुऊन काढतो. लोक बघतात ते जाड नळीकडे, कारण तिच्यातून येणारं काळं पाणी बघितलं की पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. मी आज लिहिणार आहे ते बारीक नळीबद्दल. ती अंगठ्याएवढीच जाड असते, कोणाच्या नजरेत भरत नाही आणि कढत पाणी आणि माणसाचा हात यांच्यामध्ये तेवढी एकच ती असते.

पाणी कढत कशाला, असंही लोक विचारतात. वांग्याच्या रश्श्याचं ताट थंड पाण्यानं धुऊन बघा म्हणजे कळेल. मंगल कार्यालयातल्या कार्पेटवर असले रस्से थरावर थर सांडलेले असतात.

दांडी धरायला माझ्याकडे ताराबाई होत्या. काष्टी गावच्या. घरची लिंबाची बाग, ती त्यांचे पती पांडुरंगराव बघायचे. ताराबाई सकाळच्या एसटीनं नगरला यायच्या आणि आमच्याच मंडपवाल्याकडे गाद्या-गिरद्या सांभाळायच्या. मी मशीन घेतलं तेव्हा त्या आपण होऊन म्हणाल्या, "दादा, मलाबी शिकवा." मी आठ दिवस शिकवलं. नवव्या दिवशी त्यांचा पट्टा माझ्यापेक्षा सरळ येऊ लागला. एकसारखा दाब, एकसारखा वेग, कुठे ओल जास्त राहिली नाही की कुठे कोरडं गेलं नाही. मी गिऱ्हाइकांशी बोलायला आणि मशीन जोडायला उरलो.

त्यांचं डोकं कसं चालायचं ते सांगतो. एका कार्यालयात हळदीचं ताट स्टेजवरच्या सुट्या कार्पेटवर पालथं झालं होतं. मालक शेठ शेजारी उभे. मी ऐटीत शाम्पूचा फवारा मारला आणि पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला. शेठनी कपाळाला हात लावला. "अहो, पिवळा होता तोच बरा होता! उद्या पाहुणे विचारतील, इथं बोकड कापलं का काय!" ताराबाईंनी पिशवीतनं दोन लिंबं काढली, तांब्याभर पाण्यात पिळली आणि डागावर ओतली. लाल गेला, पिवळा परत आला. मग त्यांनी ते कार्पेट धुऊन दोन दिवस उन्हात टाकायला लावलं. हळदीला ऊन सोसत नाही, ती उडून गेली. मी विचारलं, हे कसं ठाऊक? तर म्हणाल्या, "हळदीच्या हाताला साबन लावला की लाल हुतंय. तुमी कदी भांडी घासली न्हाईत, तुमाला कुटनं ठावं आसनार."

अशा बाईचं न ऐकण्याचा गाढवपणा मी केला.

झालं असं, की मशीनसोबत आलेली बारीक नळी कपलिंगपाशी, म्हणजे टोकाच्या जोडापाशी, फुगायला लागली. नळी फुगली म्हणजे आतला पदर सुटला, ती बदलायलाच हवी, एवढं मला कळत होतं. नवी बाहेरगावाहून यायला आठ दिवस लागणार होते आणि कामं तर तोंडावर होती. मी मार्केट यार्डात शेती अवजारांच्या दुकानात गेलो. आपल्या जिल्ह्यात द्राक्ष, डाळिंब, लिंबू, सगळ्यांना फवारणी लागते, त्यामुळे फवारणीची पिवळी नळी पानाच्या टपरीवरसुद्धा मिळेल अशी परिस्थिती. दुकानदारानं सांगितलं, चाळीस किलोचा दाब सोसते. आमच्या पंपाचा दाब पंधरा किलोही नव्हता. मी खूश. नळी दोन्ही टोकांना बसवली आणि स्क्रूच्या क्लिपा आवळल्या. दुकानदाराची यात काही चूक नाही. तिच्यातून मी कढत पाणी सोडणार आहे हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

ताराबाईंनी नळी बघितल्या बघितल्या म्हटलं, "दादा, ह्यो तर आमच्या लिंबावरच्या फवारनीचा पाइप. उनात ऱ्हायला तरी मऊ पडतोय."

"चाळीस किलोचा आहे, ताराबाई. आपल्याला पंधरा लागतो," मी म्हणालो. आकडा सांगितला की समोरचा गप्प बसतो, हे मी धंद्यात शिकलो होतो. त्यांनी दांडी उचलली.

तीन कामं बिनबोभाट झाली. चौथं काम एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावरचा हॉल होता. भर दुपार होती. मी मशीनपाशी खाली, जिन्याच्या तोंडाशी उभा होतो. अर्धा हॉल झाला असेल, आणि वरून फट् असा आवाज आला, त्यामागोमाग ताराबाईंची किंकाळी. मी स्विच बंद करून धावलो. तापून मऊ पडलेली नळी दांडीच्या टोकावरून निसटली होती आणि कढत पाणी त्यांच्या उजव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत आलं होतं. हॉटेलचा आचारी माझ्या आधी पोचला. त्यानं त्यांना सरळ बेसिनवर नेलं आणि हात वाहत्या नळाखाली धरला. कोणीतरी टूथपेस्ट आणली, ती त्यानं भिरकावून दिली. दवाखान्यात जाईपर्यंत तो त्यांचा हात सोडायला तयार नव्हता. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

हात वाचला. बोटं नीट वळत होती. दवाखान्याचं सगळं मी बघितलं, पण त्याला काही मोठेपणा म्हणत नाहीत. पट्टी सुटली त्या दिवशी मी विचारलं, कधीपासून येताय? त्या म्हणाल्या, "नळी तुमी आनली, हात माझा गेला. आता न्हाई यायची मी." आणि एसटीत चढल्या.

त्यानंतर मी थंड पाण्यानं कार्पेटं धुऊ लागलो. कामं नीट होईनात. मग दुसऱ्या टोकाला गेलो. एमआयडीसीत जेसीबीच्या नळ्या बनवून देणारं दुकान आहे, तिथून लोखंडी जाळीची, काळी, जाडजूड नळी टोकं दाबून घेतली. ही मेली तरी निसटणार नाही म्हटलं. ती घेऊन एका निवृत्त सुभेदारांच्या बंगल्यावर गेलो. सायीच्या रंगाचं कार्पेट. काम संपवून नळी गोळा केली तर जिथे जिथे ती घासली होती तिथे तिथे काळ्या रेघा. शिवाय आतलं रबर तेलासाठी केलेलं, ते गरम साबणाच्या पाण्यानं सुटून त्याचे काळे कण दांडीतून बाहेर पडलेले. सुभेदारांनी चष्मा लावून पाहणी केली. "बबनराव, धुवायला आलात का परेडचं मैदान आखायला?" मी दोन दिवस राबून रेघा काढल्या. जाताना ते म्हणाले, "असं दुकानादुकानातून विचारत हिंडू नका. ज्यानं जन्मभर वाफ हाताळली, त्याला विचारा."

आपल्याकडे वाफ हाताळलेला माणूस शोधायला फार लांब जावं लागत नाही. कोपरगावकडे एका साखर कारखान्यात बॉयलरवर फिटर असलेले इस्माईलचाचा आता निवृत्त होऊन घरी असतात, असं कळलं. मी गेलो तर ते अंगणात बाजेवर बसून शेजारणीच्या कुकरची शिट्टी दुरुस्त करत होते. सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "नळी फुटली का निसटली?"

"निसटली."

"मंग नळीला शिव्या देऊ नका. ती पान्यानं भरून तुमी उकळली. तिनं काय करावं?"

चाचांकडून मी तीन वेळा जाऊन शिकलो. नळीवर दाब लिहिलेला असतो तो बहुधा थंड पाण्याचा. पाणी तापलं की तीच नळी निम्म्या ताकदीची होते. म्हणून दाब किती आणि गरमी किती हे वेगवेगळं विचारायचं नाही. एवढ्या गरमीला एवढा दाब सोसशील का, असं एकत्र विचारायचं. टोकांना स्क्रूच्या क्लिपा चालत नाहीत, कपलिंग दुकानातल्या प्रेसवर दाबूनच घ्यायचं. आतला पदर गरम साबणाच्या पाण्याचा हवा, मधे जाळी हवी, बाहेरचा पदर राखाडी किंवा निळा, म्हणजे रेघा उठत नाहीत. आणि दांडीकडच्या दोन हात लांबीवर वेगळं जाड आवरण चढवायचं, म्हणजे नळी चुकून मांडीला टेकली तरी चटका बसत नाही.

मी फुशारकीनं सांगितलं, आता मी रोज मशीन चालू करून सगळ्या नळीवरून हात फिरवून बघतो. चाचा ताडकन उठलेच. "वेड लागलं का? दाबातली नळी डोळ्यानं बघायची, चार हात लांबून. हात लावायचा तो थंड आन रिकामी आसताना. आमच्याकडं एकानं आसंच तपासलं हुतं."

अशी नळी शेवटी मला मिळाली. ती टेम्पोत टाकून मी आधी कामावर गेलो नाही, काष्टीला गेलो.

ताराबाई ओट्यावर लिंबं निवडत होत्या. हातावरची कातडी गुलाबी, गुळगुळीत झाली होती. मला बसायला सांगितलं. थोड्या वेळानं पांडुरंगराव आतून चहा घेऊन आले. मी थट्टेनं म्हटलं, "काय पांडुरंगराव, चहाचं खातं तुमच्याकडं आलं वाटतं?" ते हसले नाहीत. हळूच म्हणाले, "तिला चुलीवरचं उकळतं पानी बघवत न्हाई आता. भातबी मीच येळतो, पेज मीच काढतो. वाफ आली की ती भाईर येऊन बसती."

मी कप खाली ठेवला. मी समजत होतो की बाई माझ्यावर रागावली आहे, तिचा राग काढला की झालं. माझ्या घाईनं त्या बाईला तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातून बाहेर काढलं होतं, हे मला त्या ओट्यावर बसल्यावर कळलं. फार लाज वाटली. मी म्हणालो, "ताराबाई, माझं चुकलं. तुम्ही सांगितलं होतं."

"व्हय. सांगितलं हुतं," त्या म्हणाल्या. 'जाऊ द्या' असं काही म्हणाल्या नाहीत. ते बरंच झालं.

मग त्यांची नजर टेम्पोकडे गेली. "ती काय आनलीया?" मी वेटोळं काढून समोर ठेवलं. त्यांनी ते उलटंपालटं केलं, कपलिंग नखानं टोकरलं, अक्षरं वाचून दाखवायला लावली. चाचांनी काय काय सांगितलं ते सगळं मी सांगितलं. त्या परत लिंबं निवडू लागल्या.

"येते मी," त्या म्हणाल्या. "पन एक अट. जो नळी जोडंल, त्यानंच दांडी धरायची. जोडनारा येक आन भाजनारा दुसरा, आसं न्हाई चालायचं."

मी तिथल्या तिथे कबूल केलं. इतका साधा नियम आजवर कोणाला कसा सुचला नाही, असं मला राहून राहून वाटतं.

पुढचे कितीतरी महिने नळी मी जोडली आणि दांडी मी धरली. ताराबाई मशीनपाशी, स्विचवर बोट ठेवून उभ्या. माझे पट्टे वाकडे यायचे आणि त्या लांबून ओरडायच्या, "दादा, रस्ता आखताय का कारपेट धुताय?" गुडघ्यांनी तर असहकारच पुकारला होता. नळीतून जरा सूं असा आवाज आला, वाफ दिसली, की खट् करून मशीन बंद. एका हॉलमध्ये त्यांनी तीनदा बंद केलं. मी दर वेळी थांबलो, नळी थंड होऊ दिली, बघितली, त्यांना दाखवली आणि परत सुरू केलं. गिऱ्हाईक वैतागलं तरी मी ताराबाईंना चकार शब्द बोललो नाही. तेवढा शहाणपणा उशिरा का होईना, आला होता.

हळूहळू नळीचं सगळं त्यांच्याकडे गेलं. काम संपलं की शाम्पू बंद करून साधं पाणी सोडायचं, नाहीतर आत साबण वाळतो आणि पदर कडक होतो. आपल्याकडचं बोअरचं पाणी खाऱ्या चवीचं, आत पांढरी खपली धरतं. म्हणून महिन्यातून एकदा लिंबाचं सत घातलेलं कोमट पाणी नळीत फिरवायचं. मग ती थंड आणि रिकामी झाली की टोकापासून टोकापर्यंत हात फिरवून बघायची. खिळ्याला अडकवायची नाही, तिथे मोडते. जुन्या चाकाच्या रिंगवर मोठी वेटोळी करून ठेवायची. हे सगळं त्या करायच्या, पण थंड नळीपुरतं. पाणी तापलं की चार पावलं मागे.

मागच्या वर्षी चाचांनीच कोपरगावच्या एका बालवाडीचं काम आणून दिलं. त्यांची नात तिथे जाते. लहान पोरं कार्पेटवर लोळणार, तिथेच खाऊ सांडणार, म्हणून मुख्य बाईंना ते गरम पाण्यानंच धुऊन हवं होतं. सुट्टीची सकाळ होती. चाचा पायरीवर येऊन बसले होते. मी बाईंबरोबर आत वर्ग बघायला गेलो. कुठल्या कोपऱ्यात खडूचे डाग आहेत, कुठे दूध सांडतं, हे त्यांनी सविस्तर दाखवलं. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील.

बाहेर आलो तर नळी अंगणात सरळ अंथरलेली. दोन्ही टोकं जोडलेली. दांडीचं तोंड बंद, मशीन चालू, पाणी तापलेलं, नळी दाबानं ताठ झालेली आणि ताराबाई चार हातांवर उभ्या राहून तिच्याकडे टक लावून बघताहेत. हातात पाना. मी चाचांकडे बघितलं. त्यांनी दोन्ही तळवे वर केले. "मी हात लावला न्हाई," ते म्हणाले.

मला वाटलं, तपासणी आपणच करायची त्यांनी ठरवली असेल. मी नेहमीसारखा दांडी उचलायला वाकलो.

"दादा, सरका."

"अहो, पण—"

"नळी कुनी जोडली?"

"तुम्ही."

"मंग?"

मी सरकलो. त्यांनी पाना पदराला पुसून मला दिला, दांडी आत नेली आणि दारापासच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या. दांडीवरचा खटका उजव्या हातानं दाबला की पाणी सुटतं. मशीन दारासमोरच होतं, तिथून मला दिसलं, त्यांनी तो हात खटक्यावर ठेवला. त्यांनी एकदा हात काढला. परत ठेवला. दाबला. वाफ उठली, तोंडावर आली, आणि त्या मागे हटल्या त्या पट्टा धुवायला जेवढं हटावं लागतं तेवढ्याच. पहिला पट्टा वाकडा आला. दुसरा जरा बरा. पाचवा-सहावा दोरी लावल्यासारखा. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते लपवायच्या भानगडीत पडलो नाही.

पण मी हललोही नाही. मशीनपाशी स्विचवर बोट ठेवून, कान तिकडे लावून उभा होतो. जरा कुठे वेगळा आवाज आला की मी आधी नळीकडे बघे. इतके महिने त्या या जागी काय सोसत उभ्या होत्या, ते मला त्या तासा-दोन तासांत कळलं. चाचा चहा घ्या म्हणाले, मी नको म्हटलं. बाईंनी काहीतरी विचारलं, ते मला ऐकूही गेलं नाही.

शेवटी आतून ताराबाई दांडी खांद्यावर टाकून बाहेर आल्या. घामाघूम झालेल्या, पदर खोचलेला. खटका सोडला होता, पाणीही थांबलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे.

"दादा," त्या म्हणाल्या, "बोट काढा आता. झालं समदं."